रुग्णाच्या उजव्या बाजूला

वॉर्डात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्याला जी पहिली गोष्ट शिकवतात, ती कुठल्याही आजाराबद्दल नसते. रुग्णाच्या उजव्या बाजूला उभं राहायचं, ही ती गोष्ट. नाडी बघायची, पोट चाचपायचं, छाती ऐकायची, सगळं उजव्या बाजूने. हा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

माझ्या आईच्या खाटेची उजवी बाजू भिंतीला टेकलेली होती. त्यामुळे रोज सकाळी मुलं ती लोखंडी खाट दीड-दोन फूट पुढे ओढत. फरशीवर कर्रकन आवाज होई, सलाईनचा स्टँड हले, आई डोळे मिटून घेई. तपासून झालं की मुलं पुढच्या खाटेकडे जात आणि आमची खाट वाटेत तशीच राही. मग वॉर्डातल्या मावशी येत आणि मी नि त्या मिळून ती पुन्हा भिंतीला लावत असू.

एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, स्त्रियांच्या मेडिसिन वॉर्डात, आम्ही अकरा दिवस होतो. लहानपणी अंगावर काढलेल्या सांध्यांच्या तापाने आईच्या हृदयाची एक झडप अरुंद करून ठेवली होती. साठीत आल्यावर तिला जिना चढताना दम लागायला लागला, मग सपाटीवरही. डॉक्टरांच्या भाषेत हे मायट्रल स्टेनोसिस. वॉर्डात त्याचं ‘एम.एस.’ होतं. या दुखण्यात हृदयावर एक विशिष्ट मंद घरघर ऐकू येते, मर्मर म्हणतात तिला. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ती ऐकायला मिळणं म्हणजे पर्वणीच. “चौदा नंबरची एम.एस. ऐकलीस का?” असं एकमेकांना विचारत मुलं येत. तिसऱ्या दिवशी आईने मला विचारलं, “अगं, मला ही पोरं एम.एस. का म्हणतात?”

पहिल्या दिवशी सकाळी दहा वाजता एकोणीस मुलं आली, सोबत सर. सर मनापासून शिकवत होते. झडप कशी अरुंद होते, रक्त मागे कसं तुंबतं, दम का लागतो, हे त्यांनी इतकं छान सांगितलं की मलाही कळलं. पण अर्ध्या तासात त्यांना ओपीडीतून बोलावणं आलं. मग मुलांनी रांगेने एकामागून एक स्टेथोस्कोप लावले. प्रत्येकाने आठ-दहा सेकंद ऐकलं आणि मान डोलावली. मी स्टुलावर बसून त्यांचे चेहरे बघत होते. निम्म्या चेहऱ्यांवर मला साफ दिसत होतं की काहीही ऐकू आलेलं नाही. मान मात्र सगळ्यांनी डोलावली. ऐकू आलं का, हे विचारायला खाटेच्या पायथ्याशी कोणी नव्हतं.

त्यांच्यातली एक मुलगी रात्री अकराच्या सुमारास परत आली. “आजी, सकाळी मला नीट ऐकू आलं नाही. परत ऐकू का?” असं तिने विचारलं. आई हो म्हणाली. त्या रात्री ड्युटीवर असलेली पहिल्या वर्षाची रेजिडेंट एक रुग्ण दाखल करून नुकती मोकळी झाली होती. ती खाटेच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. आजींना डाव्या कुशीवर वळव, स्टेथोस्कोपची घंटेची बाजू घे, हलकी टेकव, दाबू नकोस, श्वास सोडून थांबायला सांग. एवढंच तिने सांगितलं. मुलगी ऐकत राहिली. एक मिनिट गेलं असेल. मग तिने वर बघितलं आणि नुसतं म्हणाली, “आलं.”

अकरा दिवसांत त्या वॉर्डात मी पाहिलेला हा सर्वांत उत्तम तास. तो कुठल्याही वेळापत्रकात नव्हता. शिकवणारीला त्याचे पैसे मिळाले नाहीत, शिकणारीची हजेरी लागली नाही. घरी आल्यावर हा प्रश्न मला सोडेना: डॉक्टर घडवण्यासाठीच उभारलेल्या रुग्णालयात डॉक्टर घडण्याचा क्षण असा योगायोगावर का अवलंबून असावा? त्या प्रश्नाचा माग काढत गेले, त्यातून हा लेख झाला.

एका आवारात दोन कामं

वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय जोडलेलं असणं आज आपण गृहीत धरतो. मुंबईत ही जोडी 1845 मध्ये जमली. मुंबईत कॉलेज व्हावं यासाठी झटणारे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट 1838 मध्येच वारले होते. त्यांच्या नावाचं कॉलेज भायखळ्याला उघडलं, आणि त्याच आवारात, त्याच वर्षी, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालयही. कॉलेजची धुरा डॉ. चार्ल्स मोरहेड यांच्याकडे होती. ते एडिंबरोला शिकले आणि पुढे पॅरिसला पिएर लुई यांच्याकडे शिकून आले होते. लुई यांचा आग्रह असा की मत सांगू नका, वॉर्डातले रुग्ण मोजा, त्यांच्या नोंदी ठेवा आणि मग बोला. मोरहेड यांनी ही शिस्त भायखळ्यात आणली. 1856 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतातल्या रोगांवरचा मोठा ग्रंथ जे.जे.च्या खाटांवरल्या अनुभवातून उभा राहिला आहे. 1851 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजची पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी लाड होते. पाश्चात्त्य वैद्यक आपल्याकडे वर्गाच्या बाकांइतकंच खाटांच्या कडेला शिकवलं गेलं, आणि ते सुरुवातीपासून.

याच विचाराला अमेरिकेत विल्यम ऑस्लर यांनी पक्की घडी दिली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रुग्णालय 1889 मध्ये सुरू झालं आणि त्याला जोडून वैद्यकीय शाळा 1893 मध्ये. ऑस्लर यांनी तिथे वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना वॉर्डाच्या कामात सामील करून घेतलं. प्रत्येकाच्या वाट्याला काही खाटा येत. त्या रुग्णांची हकिगत लिहायची, लघवी-रक्त स्वतः तपासायचं, रोजची प्रगती नोंदवायची आणि राउंडला ती वरिष्ठांपुढे मांडायची. विद्यार्थी वॉर्डात पाहुणा राहिला नाही. त्याच्यावाचून वॉर्डाचं काम अडेल, अशी ती रचना होती. वॉर्डांमध्ये विद्यार्थ्यांना शिकवलं, एवढीच ओळख आपल्या मागे राहावी, अशी इच्छा ऑस्लर यांनी बोलून दाखवली होती.

परळला 1926 मध्ये केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज उभं राहिलं, तेव्हा या कल्पनेला स्वाभिमानाची जोड मिळाली. देणगीदारांची अट होती की इथे शिकवणारे सगळे भारतीय असतील. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता. महापालिकेचं रुग्णालय, गिरणगावातले रुग्ण आणि भारतीय शिक्षक यांच्या मेळातून तिथली परंपरा घडली. त्या परंपरेतले शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ असं नाव दिलं. आयुष्यभराच्या कामाची ओळख म्हणून एखाद्या डॉक्टरला वॉर्डाचा क्रमांक पुरेसा वाटावा, यात सगळं आलं.

इतिहास सांगतो तो इतकाच, की रुग्णालय आणि कॉलेज शेजारी बांधल्याने शिक्षण होत नाही. वॉर्डाच्या कामात विद्यार्थ्याची जागा कुठे आहे, ती कोणीतरी ठरवावी लागते. मोरहेड यांनी ती ठरवली, ऑस्लर यांनी ठरवली. आपण आज ती कशी ठरवतो?

वॉर्डाचं घड्याळ

आपल्या शिक्षण-रुग्णालयांचा कणा म्हणजे युनिट. एक युनिट प्रमुख, त्यांच्या हाताखाली सहयोगी आणि सहायक प्राध्यापक, आणि पदव्युत्तर शिक्षण घेणारे तीन वर्षांचे रेजिडेंट. प्रत्येक युनिटचे वार ठरलेले. एका वारी ओपीडी, एका वारी इमर्जन्सी, सर्जरीत एक-दोन वार ऑपरेशनचे. इमर्जन्सीच्या वारी चोवीस तासांत आलेले सगळे रुग्ण त्या युनिटचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा राउंड: कोण आलं, काय झालं, काय करायचं. वॉर्डाच्या दाराशी फळ्यावर हे सगळं रंगवलेलं असतं, युनिट प्रमुखांचं नाव, बाकीच्यांची नावं, ओपीडीचा वार, इमर्जन्सीचा वार.

विद्यार्थ्यांचं घड्याळ वेगळं चालतं. शंभर किंवा दीडशे मुलांच्या तुकडीचे गट पाडतात आणि हे गट काही आठवड्यांच्या पोस्टिंगने फिरतात: मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग, अस्थिरोग, डोळे, कान-नाक-घसा, त्वचा, मानसोपचार. अभ्यासक्रमाने वॉर्डासाठी दिवसाला तीन तास दिले आहेत. कागदावर हे पुरेसं वाटतं. आता साधा हिशेब करा. गटात वीस मुलं, एक शिक्षक, तीन तास. एका मुलाच्या वाट्याला नऊ मिनिटं. शिक्षक राउंडमुळे तासभर उशिरा आले तर सहा. आणि तेही एका मुलाने तपासायचं आणि एकोणीस जणांनी खांद्यावरून डोकावायचं, असं.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आजार काही दहा ते एकच्या वेळेत बसत नाही. पोटात दुखतंय म्हणून कॅज्युअल्टीत आलेला माणूस रात्री दोनला आत घेतला जातो, पहाटे ऑपरेशन टेबलावर जातो, पाचव्या दिवशी घरी जातो. या सगळ्या प्रवासातला सकाळचा एक तुकडा विद्यार्थ्याला दिसतो. तेव्हा निदान झालेलं असतं, केसपेपरवर लिहिलेलं असतं, दुखणं औषधाने दबलेलं असतं. निदानापर्यंत कसं पोहोचायचं हे शिकायला आलेल्या मुलाला उत्तर आधीच समोर मिळतं. विद्यार्थ्यांना युनिटच्या इमर्जन्सीच्या वारी संध्याकाळपासून रात्रीपर्यंत थांबवून घेतलं, तर हे चित्र पालटतं. जुने डॉक्टर आपल्या कॉलेजच्या दिवसांतल्या उशिरापर्यंत चाललेल्या संध्याकाळच्या क्लिनिक्स विसरत नाहीत. दिवसा ज्याला वेळ नव्हता, तो शिक्षक तेव्हा मोकळा असायचा.

आज तो मोकळा नसतो. सरकारी कॉलेजातला सहायक प्राध्यापक सकाळी राउंड घेतो, ओपीडीत रुग्णांच्या रांगा संपवतो, ऑपरेशनं करतो, रेजिडेंटचे प्रबंध तपासतो, न्यायालयात साक्षीला जातो, तपासणी पथकासाठी फायली भरतो. त्याची बढती ठरते सेवेच्या वर्षांवर, शोधनिबंधांवर आणि नेमून दिलेल्या अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्रांवर. खाटेशी उभं राहून त्याने किती मुलांचा हात धरून त्यांना यकृताची कड जाणवून दिली, हे कुठल्याही रकान्यात येत नाही. तरीही असं शिकवणारे शिक्षक प्रत्येक कॉलेजात आहेत. ते स्वभावाने शिकवतात. व्यवस्थेने त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवलेला नाही.

रात्रीचे शिक्षक

मग मुलं शिकतात कोणाकडून? त्या रात्री आईच्या खाटेशी जी उभी होती, तिच्याकडून. वॉर्डात दिवसरात्र असणारा माणूस म्हणजे रेजिडेंट. शिरेत सुई कशी घालायची, नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगायची, केसपेपर कसा लिहायचा, रक्तदाब अचानक उतरला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, यांतलं बरंचसं विद्यार्थी आणि इंटर्न रेजिडेंटकडून उचलतात. चांगलंही आणि वाईटही. रेजिडेंट रुग्णाशी आदराने बोलली तर मुलं तसं बोलायला शिकतात, खेकसली तर खेकसायला. पुस्तकात कुठेही न छापलेला हा अभ्यासक्रम सर्वांत खोल मुरतो.

आणि या शिक्षकांना शिकवायचं कसं हे सहसा कोणी शिकवलेलं नसतं. सलग ड्युटीनंतर, झोप न झालेल्या डोळ्यांनी, आपलं स्वतःचं शिक्षण सांभाळत ते हे करतात. त्यांच्या कामाच्या तासांवर मर्यादा असावी ही मागणी रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी केली जाते आणि ती रास्तच आहे. पण तिला आणखी एक कारण आहे. झोपेने पेंगुळलेला माणूस कोणाला काही शिकवू शकत नाही.

लॉगबुकाची पानं

2019 च्या तुकडीपासून देशभर एमबीबीएसचा नवा, क्षमतेवर आधारलेला अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा त्याला काय करता येतं, हे बघायचं, हा त्याचा गाभा. नुसत्या व्याख्यानांना एकूण वेळाच्या एकतृतीयांशाहून जास्त जागा द्यायची नाही. पहिल्याच वर्षी मुलांना रुग्णांपर्यंत न्यायचं. आधी दाखवायचं, मग बघू द्यायचं, मग मदत करू द्यायची, मग स्वतः करू द्यायचं, अशा चार पायऱ्यांनी कौशल्यं शिकवायची. वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी वेगळे पाठ ठेवायचे. सुई, नळी, टाके हे आधी कौशल्य-प्रयोगशाळेत पुतळ्यावर शिकायचं, म्हणजे पहिली चूक माणसाच्या अंगावर होणार नाही. यांतल्या एकेका कलमाशी मी सहमत आहे. गेल्या शंभर वर्षांत खाटेशी शिकवणाऱ्यांना जे कळलं, ते या अभ्यासक्रमाने नियमात उतरवलं.

या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी वॉर्डात शिरायची वेळ आली आणि कोविडने वॉर्ड गिळले. ज्यांनी रुग्णाशेजारी शिकायचं, त्यांना मोबाइलच्या पडद्यावर शिकावं लागलं. तो काळ सरला. लॉगबुक मात्र राहिलं. कोणतं कौशल्य कधी केलं, कोणी पाहिलं, कसं जमलं, हे लिहून शिक्षकाची सही घ्यायची, यासाठी ते असतं. ते मन लावून भरलं तर आरसा होतं. पण पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी वीस लॉगबुकांची चळत टेबलावर येते आणि शिक्षक एका बैठकीत सगळ्यांवर सह्या करतात, तेव्हा त्या सहीने काय पाहिलं? पाहणं हे काम होतं, सही ही त्याची पावती होती. आपण पावतीलाच काम समजू लागलो.

पाहण्याच्या रीती माहीत नाहीत असंही नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये परीक्षेची एक नवी पद्धत मांडली. विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो, प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटांत एक ठरावीक काम करून दाखवतो, परीक्षक यादी हातात घेऊन ते बघतो. अमेरिकेत जॉन नॉर्सिनी यांनी 1995 मध्ये रेजिडेंटसाठी त्याहून साधी गोष्ट सुचवली: वरिष्ठाने शिकणाऱ्याला खऱ्या रुग्णाशी बोलताना, तपासताना पंधरा-वीस मिनिटं पाहायचं आणि लगेच काय जमलं, काय राहिलं ते सांगायचं. मुंबईत तर 2005 पासून केईएमच्या कॉलेजात वैद्यकीय शिक्षकांना शिक्षणशास्त्र शिकवणारी फेमर प्रादेशिक संस्था चालते. ज्ञान आपल्या दाराशी आहे. ते वॉर्डाच्या आठवड्यात बसवायचं बाकी आहे.

यात एक मोठा अडसर कॉलेजच्या भिंतीबाहेरचा आहे. एमबीबीएसनंतरची स्पर्धा नीट-पीजीची, साडेतीन तासांत पर्याय निवडायचे दोनशे प्रश्न. त्या परीक्षेत मर्मर ऐकायची नसते, तिच्याबद्दल वाचलेलं असलं की भागतं. त्यामुळे मुलांचं मन वॉर्डातून वाचनालयात आणि कोचिंगच्या ॲपमध्ये जातं. ज्या इंटर्नशिपच्या वर्षात हात तयार व्हायचे, त्या वर्षात डोळे पडद्यावर असतात. मुलांना दोष देऊन काय होणार? आपण ज्याचे गुण देतो, ते मुलं शिकतात.

आजींची भाषा, आजींचं ‘हो’

वॉर्डातला खरा शिक्षक म्हणजे खाटेवरचा माणूस. त्याच्याकडून शिकायचं तर त्याची भाषा यावी लागते. सरकारी कॉलेजांतल्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यामुळे बिहारचा, केरळचा, राजस्थानचा मुलगा नांदेडच्या किंवा यवतमाळच्या वॉर्डात उभा असतो. त्याच्यापुढची बाई सांगते, “पोटात गोळा उठतो, जीव घाबरतो, हातपाय गळून जातात.” आजी सांगतात, “अंगावरून जातंय.” शेतकरी म्हणतो, “घेरी आली नि डोळ्यांपुढं अंधारी.” ‘अंगावर काढलं’ म्हणजे उपचार न करता सोसलं, हे मराठी मुलालाही कधी कधी समजावून सांगावं लागतं, कारण त्याचं शिक्षण शहरातल्या इंग्रजी शाळेत झालेलं असतं. या शब्दांतच निदान दडलेलं असतं. ‘गोळा उठतो’ याला नुसतं ‘पोटदुखी’ लिहिलं की दुखणं येऊन-जाऊन आहे, ही खूण हरवते. वॉर्डात हे भाषांतर बहुतेक वेळा मावशी, मामा आणि सिस्टर करतात. नव्या अभ्यासक्रमाने सुरुवातीच्या पायाभरणीत स्थानिक भाषेला जागा दिली आहे. ती जागा गांभीर्याने वापरली पाहिजे. मेडिसिनच्या पहिल्या पोस्टिंगआधी प्रत्येक मुलाने वॉर्डात बसून, औषधाचं नावही न काढता, दहा रुग्णांच्या हकिगती त्यांच्याच शब्दांत लिहून आणाव्यात.

आणि परवानगी. सरकारी रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला वाटतं की इथे फुकट किंवा स्वस्तात उपचार मिळतात, म्हणजे मुलांना अंग दाखवणं हा त्याचा मोबदला. हे खरं नाही. उपचार हा त्याचा हक्क आहे आणि शिकू देणं हे त्याचं दान. दान मागून घ्यायचं असतं. शिक्षकांच्या बोलण्यात रुग्णांसाठी ‘मटेरियल’ हा शब्द येतो, ‘आमच्याकडे क्लिनिकल मटेरियल भरपूर आहे’ असा. तो वाईट मनाने कोणी वापरत नाही, पण मुलं तो ऐकतात. जी शरीरं पहिल्या वर्षी विच्छेदनासाठी मिळतात त्यांच्यापुढे आता अनेक कॉलेजांत विद्यार्थी कृतज्ञतेची शपथ घेतात. जिवंत माणसासाठी शपथेची गरज नाही. नाव विचारावं, आपण विद्यार्थी आहोत हे सांगावं, पडदा ओढावा, हात ऊबदार करावेत, आणि नको म्हणाली तर पुढच्या खाटेकडे जावं. एकोणीस मुलांनी एका दमेकरी बाईला एकोणीस वेळा कुशीवर वळवू नये, हे ठरवणारं कोणीतरी हवं.

सेवाग्रामची वाट

शिकण्याची जागा बदलली की नातं कसं बदलतं, हे महाराष्ट्रात एका कॉलेजने फार आधी दाखवलं. 1969 मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथली नवी मुलं कॉलेजच्या सुरुवातीला आश्रमात राहतात. पुढे प्रत्येक तुकडी वर्ध्याच्या परिसरातलं एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिर करते, मुलांना कुटुंबं वाटून दिलेली असतात आणि ती त्या घरांत पुन्हा पुन्हा जातात. वॉर्डात मुलगा उभा असतो आणि रुग्ण आडवा. गावात रुग्ण दारात उभा असतो आणि मुलगा पाहुणा म्हणून ओट्यावर बसतो. हकिगत घ्यायची म्हणजे काय, हे तिथे वेगळं कळतं. अलीकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबं जोडून देण्याचा कार्यक्रम देशभर लागू केला. सेवाग्रामची रीत आता सगळ्यांची झाली. आता ती तिथल्यासारखी मनापासून पाळली जावी, एवढंच.

फळ्यावरची एक ओळ

हा प्रश्न आज तातडीचा आहे, कारण आपण वेगाने वाढतो आहोत. 2014 पूर्वी देशात एमबीबीएसच्या सुमारे 51 हजार जागा होत्या. दहा वर्षांत त्या दुपटीहून अधिक झाल्या. महाराष्ट्रात 9 ऑक्टोबर 2024 रोजी एकाच दिवशी दहा नव्या सरकारी महाविद्यालयांचं उद्घाटन झालं: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. गडचिरोलीची मुलगी गडचिरोलीत डॉक्टर होऊ शकेल, ही आनंदाची गोष्ट आहे आणि मी ती आनंदानेच लिहिते. पण ज्या जिल्हा रुग्णालयात काल केवळ उपचार होत होते, तिथे आज शिकवायचंही आहे. खाटांची संख्या, ओपीडीचा आकडा, शिक्षकांची चेहऱ्यावरून हजेरी, हे सगळं मोजलं जातं. एका विद्यार्थ्याने एका रुग्णाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासलं आणि शिक्षकाने ते पूर्ण पाहिलं, असं वर्षात किती वेळा झालं, हेही मोजायला हवं.

ते जमण्यासारखं आहे का? हिशेब करून बघू. मेडिसिनच्या पोस्टिंगला वीस मुलं आहेत. चार शिक्षकांत पाच-पाच वाटली. प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा वीस मिनिटं पूर्ण पाहायचं ठरवलं, तर एका शिक्षकाची आठवड्याला शंभर मिनिटं लागतात. दोन वर्षांच्या तुकड्या एकाच वेळी असल्या तर दोनशे. म्हणजे साडेतीन तासांच्याही आत. त्या वेळेपुरती त्या शिक्षकाची ओपीडी दुसऱ्याने सांभाळायची. रेजिडेंट शिकवते ते तिच्या कामात धरायचं आणि त्यासाठी तिला आधी दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं. प्रत्येक मुलाला दोन खाटा नेमून द्यायच्या, दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत. इमर्जन्सीच्या वारी त्याला युनिटसोबत रात्रीपर्यंत थांबवायचं. खाटेवरच्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवं यंत्रही लागत नाही. शिकवणं हे कोणाचं तरी ठरलेलं काम आहे, असं अधिष्ठात्यांनी आणि युनिट प्रमुखांनी ठरवायला मात्र लागतं.

वाचकहो, तुमच्या घरचं कोणी उद्या अशा वॉर्डात असेल आणि पांढरा ॲप्रन घातलेलं, बावरलेलं एक पोर खाटेशी येईल. त्रास होत नसेल तर त्याला हो म्हणा. त्याचं नाव विचारा, तुमच्या माणसाचं नाव सांगा. वीस वर्षांनी तुमच्या नातवंडांना तपासणारा हात तोच असेल.

आणि ज्यांच्या हातात वॉर्ड आहेत त्यांना एक विनंती. दाराशी जो फळा आहे, ज्यावर युनिट प्रमुखांचं नाव आहे, ओपीडीचा वार आणि इमर्जन्सीचा वार आहे, त्याच्या खाली एक ओळ वाढवा: आज विद्यार्थ्यांसोबत कोण आहे. तिथे रोज एक नाव लिहा, आणि त्या नावाचा माणूस त्या वेळी खाटेच्या पायथ्याशी उभा असेल, याची खात्री करा.

आईला घरी सोडलं त्या दिवशी ती रात्रीची मुलगी निरोप घ्यायला आली होती. शेवटचं एकदा ऐकू का, असं तिने आईला नावाने विचारलं. ऐकून झाल्यावर तिने खाट स्वतः भिंतीला लावून ठेवली.